बाज चौघांनी उचलायची: तरुणांच्या शिबिरासाठी कार्यकर्ते कसे तयार करावेत

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूममधल्या एका घराची गोष्ट आहे. दारापर्यंत माणसं दाटलेली, आणि चौघे जण एका पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून घेऊन येतात. आत जायला वाट नाही म्हणून ते छपरावर चढतात, छप्पर उघडतात आणि बाज खाली सोडतात. पाचव्या वचनात मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. ‘त्यांचा’, म्हणजे वाहून आणणाऱ्यांचाही. त्या चौघांची नावं कुठेही दिलेली नाहीत. ते एकमेकांशी काय बोलले तेही नाही. त्यांनी बाज कलंडू न देता खाली उतरवली, एवढंच आपल्याला दिसतं.

नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांच्या (चर्चच्या) तरुण संघांसाठी मे महिन्यात होणाऱ्या शिबिरांचं काम मी बरीच वर्षं करते आहे. सुरुवातीला कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण म्हणजे माझ्या लेखी धडे वाटणं, बायबल अभ्यास कसा घ्यायचा ते सांगणं आणि शेवटी प्रार्थना, एवढंच होतं. मग एका वर्षी गायन बघणारा दादा आणि कार्यक्रम बघणारी ताई यांच्यात वेळेवरून बोलाचाली झाली. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. आम्हाला वाटलं, मुलांना काय कळतंय? समारोपाच्या सकाळी नववीतल्या एका मुलीने मला विचारलं, “ताई, त्या दोघांचं अजून मिटलं नाही का?” आदल्या संध्याकाळी तिच्याच गटात क्षमेवरचा धडा झाला होता.

त्या प्रश्नानंतर मी प्रशिक्षणाची मांडणी बदलली. धडे राहिले, पण मागे गेले. पुढे आली ती माणसं आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं, कारण मुलं आधी तेच वाचतात. ही मांडणी पाच दिवसांच्या निवासी शिबिरासाठी आहे. तुमची व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) किंवा दोन दिवसांचा मेळावा असेल तर यातलं जमेल तेवढं घ्या.

आठ आठवडे आधी: माणसं निवडणं

आमचा हिशोब असा असतो: तेरा ते सतरा वयाची ५६ मुलं-मुली, सात-सात जणांचे आठ गट, प्रत्येक गटाला दोन कार्यकर्ते. हे झाले १६. स्वयंपाकघराला तीन, गायनाला दोन, आणि सामान-हिशोब, प्रथमोपचार, कार्यक्रम व सगळ्यावर देखरेख यांना एकेक. एकूण २५. मुलींच्या गटाला दोन्ही कार्यकर्त्या बायकाच, मुलांच्या गटाला दोन्ही पुरुष.

गटावर दोघे का, असं नेहमी विचारलं जातं. मार्कच्याच सहाव्या अध्यायात येशूने बारा शिष्यांना पाठवलं ते दोघे-दोघे करून. एकाला ताप आला तर दुसरा गट सांभाळतो हा फायदा आहेच. पण मोठा फायदा वेगळा आहे. एकटा शिकवणारा मुलांच्या नजरेत गुरू होतो. दोघे असले की एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, आणि ऐकणारा मोठा माणूस मुलांनी फार क्वचित पाहिलेला असतो.

निवडताना स्टेजवर छान बोलणाऱ्यांची यादी करू नका. भक्ती संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं, संडे स्कूलमध्ये रडणाऱ्या पोराला कोण कडेवर घेतं, म्हाताऱ्या आजीला एसटी स्टँडपर्यंत कोण सोडतं, ते दोन-तीन रविवार बघा. पाळकांशी बोला. ज्याच्याबद्दल मनात शंका आहे त्याला “माणसं कमी पडताहेत” म्हणून घेऊ नका. गट कमी करावे लागले तरी चालतील.

जोड्या लावण्याचं काम मी सर्वांत जास्त वेळ देऊन करते. जिवलग मित्रांची जोडी लावू नये. ते आपसांतच रमतात आणि गटातलं अबोल पोरगं बाजूला राहतं. एक अनुभवी आणि एक पहिल्यांदाच आलेला, अशी जोडी बरी. मात्र अनुभवी माणसाला आधी सांगून ठेवा की निदान दोन दिवस धडा नव्या जोडीदारानेच घ्यायचा आहे.

सहा आठवडे आधी: पहिली बैठक स्वयंपाकघरात

पहिल्या शनिवारी आम्ही वही-पेन काढत नाही. सगळ्यांना मिशन शाळेच्या आवारात चार वाजता बोलावतो आणि सांगतो, सात वाजता आपण इथेच जेवायचं आहे: पिठलं, भाकरी, भात, ठेचा. पीठ, डाळीचं पीठ, तांदूळ, मिरच्या, दोन चुली आणि एक गॅस, एवढं समोर ठेवतो. कोण काय करेल ते सांगत नाही.

तीन तासांत माणूस जेवढा कळतो तेवढा तीन व्याख्यानांत कळत नाही. एक जण लगेच हुकूम सोडू लागतो. एक जण कोपऱ्यात उभा राहतो, त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. एखादी मुलगी पहिल्या मिनिटाला भांडी घासायला बसते आणि शेवटपर्यंत उठत नाही. भाकरी थापण्याचं काम सगळे गृहीत धरून बायकांकडे ढकलतात, आणि हेही त्या दिवशी बोलायलाच हवं. मी बाजूला बसून टिपणं करते, कुणाला टोकत नाही.

जेवण झाल्यावर गोल बसायचं आणि तीनच प्रश्न घ्यायचे. आज तुला मदत हवी होती पण तू मागितली नाहीस, असं कधी झालं? तुझ्याकडे कुणाचं लक्ष नाही असं कधी वाटलं? दुसऱ्या कुणाचं कोणतं काम तुला आत्ता आठवतंय? तिसरा प्रश्न शेवटीच ठेवा. भांडी घासणाऱ्या मुलीचं नाव सहा-सात तोंडांतून निघतं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मग बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडा. तो नुसता नावांचा पाढा वाटतो म्हणून लोक उलटून टाकतात. सावकाश वाचा आणि प्रत्येकाचा धंदा शोधायला सांगा. यरुशलेमचा कोट बांधायला सोनार आहेत, सुगंधी द्रव्यं करणारा आहे, याजक आहेत, शल्लूम आपल्या मुलींना घेऊन आला आहे. गवंडी म्हणून कुणाची ओळख दिलेली नाही. तकोवा गावाच्या सरदारांनी कामाला मान वाकवली नाही हे पाचव्या वचनात आहे. पण सत्ताविसाव्या वचनापर्यंत जा. त्याच तकोवाच्या साध्या लोकांनी स्वतःचा भाग संपवून दुसरा भागही बांधायला घेतला. कोट ५२ दिवसांत पुरा झाला. आपल्या मंडळीतले कोण सरदारांसारखे वागतात याची चर्चा लगेच सुरू होते, ती तिथेच थांबवा आणि विचारा: आपला दुसरा भाग कोणता?

मराठी माणसाला इथे पुणे जिल्ह्यातलं केडगाव आठवायला हवं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर १९२४ साली पुस्तकरूपाने आलं. रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या. त्या पुस्तकामागे रमाबाईंची विद्वत्ता आहेच, पण त्यांनी तिथे उभारलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात काम केलेल्या मुलींचे आणि बायकांचे हातही आहेत. छपाईचे खिळे जुळवणाऱ्या त्या हातांची नावं आपल्याला सांगता येत नाहीत. शिबिरात पाणी भरणाऱ्या मुलाला हे आवर्जून सांगा.

चार आठवडे आधी: तांदळाचं पोतं

दुसऱ्या बैठकीत मार्क २:१-१२ घ्या, पण आधी उचलून बघा. सतरंजीवर २५ किलोचं तांदळाचं पोतं ठेवायचं. चौघांनी चार कोपरे धरून ते मैदानावरून शाळेच्या पहिल्या मजल्यावर न्यायचं आणि परत आणायचं. पोतं जमिनीला टेकता कामा नये. माणसाला झोपवून हा खेळ करू नका. जिन्यावर पाय घसरला तर कंबर मोडेल. पोतं नंतर स्वयंपाकघरात कामाला येतंच.

पहिली फेरी बोलत, दुसरी पूर्ण मुक्याने. दुसऱ्या फेरीत चौघं एकमेकांच्या पावलांकडे बघू लागतात. जिना चढताना खालच्या पायरीवरच्या दोघांवर भार जास्त येतो, वरच्या दोघांना ते कळतही नाही आणि ते भराभर चढतात. सगळी भांडणं याच जिन्यावर होतात. प्रत्येकाला दोन्ही जागा मिळतील अशा फेऱ्या लावा.

घाम पुसून झाल्यावर उतारा वाचला की तो वेगळाच ऐकू येतो. छपरावर बाज चढवणं म्हणजे काय ते आता खांद्यांना ठाऊक असतं. इथे मी विश्वासाबद्दल एक गोष्ट बोलते आणि ती मला जिवाभावाची आहे. आपल्याकडे विश्वास म्हणजे ज्याचा त्याचा आतला मामला असं समजलं जातं, आणि ज्याचा विश्वास डळमळला तो गप्प बसून राहतो, कारण कार्यकर्त्याने असं म्हणायचं नसतं. पण बाजेवर पडलेल्या माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता हे मार्कने मोजलेलं नाही. चौघांनी त्याला आणलं, तेवढं पुरलं. एखाद्या वर्षी तुमच्यातलाच कुणी बाजेवर असेल. वडील गेलेले असतील, नोकरी सुटलेली असेल, तोंडातून प्रार्थना येत नसेल. त्याला शिबिरातून काढू नका. त्या वर्षी त्याला चहाचं बघू द्या आणि प्रार्थना बाकीच्यांनी करा.

हे मी ऐकीव सांगत नाही. भाऊ गेला त्या वर्षी मी सामानाच्या खोलीत बसून चमचे मोजत होते आणि दोन बहिणी रोज पहाटे येऊन माझ्यासाठी, मला काही न विचारता, गुडघे टेकत होत्या.

प्रार्थना आणि तयारी

“देव सांभाळील” हे वाक्य खरं आहे, आणि तयारी न करणाऱ्याच्या तोंडी ते फार येतं. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात लोकांनी प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. दोन्ही एकाच वचनात आहेत. म्हणून आमच्याकडे प्रार्थनेच्या विषयांची आणि कामांची वही एकच असते. डाव्या पानावर विनंती, उजव्या पानावर त्यासाठी कोण काय करणार. “मुलांना उन्हाचा त्रास होऊ नये” याच्यासमोर ओआरएसची पाकिटं, माठ, टोप्या, दुपारी बारा ते चार मैदान बंद. “विंचू-सापापासून राखण” याच्यासमोर बॅटऱ्या, रात्री चप्पल सक्तीची, आणि सर्पदंशावरचं औषध (प्रतिविष) जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे ते स्वतः जाऊन विचारून येणं. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये. उजवं पान कोरं असेल तर ती विनंती अजून पुरती मागितलेली नाही असं आम्ही मानतो.

एकत्र प्रार्थना करताना मोठ्या आवाजाची दोन-तीन माणसं सगळा वेळ घेतात. म्हणून जोडीदारांनी समोरासमोर बसून एकेका वाक्यात प्रार्थना करण्याचा सराव करा, मध्ये शांतता ठेवून. सुरुवातीला ती शांतता जड जाते. तिसऱ्या बैठकीपर्यंत सवय होते.

मुलांची सुरक्षितता: इथे सवलत नाही

हा भाग सगळ्यांनी हजर असताना, सही घेऊन शिकवा. पाळक असोत की स्वयंपाकी, कुणालाही सूट नाही.

मुलाशी एकट्याने बंद खोलीत बोलायचं नाही. खाजगी बोलायचं असेल तर झाडाखाली, जिथे दुसऱ्या कार्यकर्त्याला दोघं दिसतात पण ऐकू येत नाही. झोपण्याच्या आणि अंघोळीच्या जागा वेगळ्या, तिथे फोन न्यायचा नाही. मुलांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला टाकायचे नाहीत. पालकांची लेखी संमती, आजार-औषधांची माहिती आणि दोन फोन नंबर आल्याशिवाय मुलाला बसमध्ये घ्यायचं नाही.

“कुणाला सांगणार नाही” असं वचन मुलाला कधीही देऊ नका. “तुझ्या भल्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन” असं म्हणा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची शक्यता दिसली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. “मंडळीचं नाव जाईल, आपसांत मिटवू” हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकायचा नाही. मंडळीचं नाव मुलापेक्षा मोठं नसतं, आणि ज्या प्रभूने लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची भाषा केली, त्याच्या नावाने तर हे झाकता येतच नाही.

आणखी एक. शिबिरात कधी शाळूसोबत्याबरोबर इतर धर्मांची मुलंही येतात. इथे बायबल शिकवतात, प्रार्थना होते, हे त्यांच्या आईवडिलांना आधी स्पष्ट सांगा आणि त्यांचा होकार लेखी घ्या. कोणत्याही मुलाला, आपल्या मंडळीतल्यालासुद्धा, सगळ्यांसमोर उभं करून येशूला स्वीकारण्याच्या निर्णयासाठी भरीस घालू नका. शेवटच्या रात्रीचं रडणं आणि विश्वास यांत फरक आहे. दमलेलं, घरची आठवण काढणारं पोर सहज रडतं.

दोन आठवडे आधी: अवघड प्रश्न आणि भांडणं

तिसरी बैठक निवासी ठेवा, शनिवार दुपार ते रविवार संध्याकाळ. यात साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, सांगण्याचा सराव घ्या: चार मिनिटं, घड्याळ लावून, आणि त्यात स्वतःच्या पापांचं रसभरित वर्णन नको. प्रश्नांचा सरावही घ्या. एकाने पंधरा वर्षांचा मुलगा व्हायचं आणि विचारायचं, “आईसाठी एवढी प्रार्थना केली, तरी ती का गेली?” बहुतेक कार्यकर्ते लगेच बायबलचं वचन सांगू लागतात. त्यांना थांबवा. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तोवर शहाणे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. “मला माहीत नाही, पण मी तुझ्याजवळ बसतो” हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव लागतो.

भांडणाबद्दल आमचा नियम असा: जिथे खटकलं तिथे झोपण्याआधी दोघांनीच बोलायचं. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातली पहिली पायरी तीच आहे. तिसऱ्याला सांगायचं ते दुसऱ्या पायरीवर. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कधीच नाही. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा हे योहान मार्क या सहकाऱ्यावरून इतके तुटले की वाटा वेगळ्या झाल्या, हे बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक लपवत नाही. मग तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र वाचा, चौथा अध्याय. तुरुंगातून पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत मार्काला कुणीतरी सोबत ठेवलं होतं, तो बर्णबा होता. ज्याच्याकडून गेल्या वर्षी चूक झाली अशा कार्यकर्त्याचं नाव यादीतून खोडण्याआधी त्याला कोणाच्या सोबत ठेवता येईल ते बघा. (वरच्या भागातल्या नियमांशी संबंधित चूक असेल तर मात्र नाव खोडायचंच.)

गाण्यांसाठी वेगळं प्रशिक्षण नको, फक्त नवी गाणी तीनपेक्षा जास्त घेऊ नका. आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं मुलांना आवडणार नाहीत असं गृहीत धरू नका. ढोलकी आणि टाळ काढा आणि बघा.

शिबिराचे पाच दिवस

सकाळी साडेपाचला कार्यकर्त्यांची वीस मिनिटं: एक उतारा, जोडीने प्रार्थना, दिवसातले बदल. रात्री मुलं झोपल्यावर अर्धा तास: आज कोणतं मूल एकटं दिसलं? आपल्यातलं कोण दमलं आहे? उद्या काय सोडून द्यायचं? हा तिसरा प्रश्न फार उपयोगाचा आहे. कार्यक्रम कमी केल्याने कोणतंच शिबिर बिघडलेलं मी पाहिलं नाही.

प्रत्येक कार्यकर्त्याला रोज दुपारी एक तास पूर्ण सुट्टी, तेवढा वेळ जोडीदार गट सांभाळतो. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा दूताने त्याला आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. प्रश्न विचारायची वेळ नंतर आली. तिसऱ्या दिवशी कुणाचा स्वर चढला तर त्याला समजुतीच्या गोष्टी सांगू नका, दोन तास झोपवा.

शिबिर संपल्यावर

बस सुटल्याच्या रात्री कार्यकर्त्यांनी एकमेकांचे पाय धुवावेत, योहानाच्या तेराव्या अध्यायाप्रमाणे. पहिल्या दिवशी केलं तर तो विधी होतो. पाच दिवसांची धूळ पायांवर असताना केलं की पाणी खरंच गढूळ होतं.

त्याच रात्री वहीत प्रत्येक मुलासमोर एका कार्यकर्त्याचं नाव लिहा. पहिल्या आठवड्यात फोन, जून संपायच्या आत घरी भेट, शक्यतो जोडीने आणि पालक घरी असताना. दहावी-बारावीचे निकाल लागतात त्या दिवशी नापास झालेल्याकडे आधी जा.

आमच्या एका शिबिरात एक मुलगा दोनदा भिंतीवरून उडी मारून पळाला होता. घरी पाठवावा असं मलाही वाटलं. त्याच्या गटातल्या दादाने त्याला पाठवू दिलं नाही, आणि पुढची तीन वर्षं महिन्यातून एकदा तो सायकलवरून त्याच्या वस्तीवर जात राहिला. गेल्या वर्षी तो मुलगा कार्यकर्ता म्हणून आला. पोत्याच्या खेळात जिन्याशी पोचल्यावर कुणी न सांगता तो मागे सरकला आणि त्याने खालचा डावा कोपरा धरला.